स्वस्तात उत्तम ध्वनी: घरगुती हाय-फायची घडण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड दशकात उत्तम ध्वनी देणारी यंत्रणा सामान्य पगारदाराच्या घरात आली. हा बदल घडवला तो खुलेपणाने छापलेल्या ज्ञानाने आणि ते वाचून यंत्रे जोडणाऱ्या हौशी लोकांनी.

पहिला टप्पा १९४७चा. ब्रिटिश अभियंते डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकाच्या एप्रिल आणि मे अंकांत एका व्हॉल्व्ह (निर्वात नळी) ॲम्प्लिफायरची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॉट शक्ती आणि ०.१ टक्क्याहून कमी विरूपण, ही त्याची वैशिष्ट्ये. बाहेर पडणाऱ्या ध्वनिसंकेताचा काही अंश उलट करून पुन्हा आत द्यायचा आणि वाटेतल्या चुका त्यानेच पुसायच्या, हे निगेटिव्ह फीडबॅकचे तत्त्व त्यात कसोशीने वापरले होते. त्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर अव्वल दर्जाचा लागे, म्हणून त्याच्या गुंडाळणीचा तपशीलही लेखात होता. सोल्डरिंग येणाऱ्या कोणालाही तो वाचून ॲम्प्लिफायर बांधता येई. पुढे अमेरिकेत हीथकिट कंपनीने याच रचनेचा सुट्या भागांचा संच विकायला काढला.

दुसरा टप्पा स्पीकरचा. खालच्या पट्टीतले स्वर नीट उमटायचे तर कपाटाएवढी पेटी हवी, असा तोवरचा अनुभव होता. १९५४ साली एडगर व्हिलचर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांच्या ‘एआर-१’ची पेटी पूर्ण बंद होती. वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, पडदा मुद्दाम सैल बसवलेला असे आणि पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करी. धातूच्या वा कापडाच्या आधारापेक्षा ही हवेची स्प्रिंग अधिक समप्रमाणात ताण देते. त्यामुळे शेल्फवर मावणाऱ्या पेटीतून खर्जाचे स्वर स्वच्छ येऊ लागले.

तिसरा टप्पा स्टिरिओचा, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंच्या ध्वनीचा. फिलाडेल्फियाच्या डायनॅको कंपनीने १९५९ साली ‘स्टिरिओ ७०’ आणला. डेव्हिड हॅफलर यांच्या या ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक बाजूस ३५ वॉट मिळत. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळे आणि त्यातला नाजूक सर्किट बोर्ड कारखान्यातूनच जोडून येई. उरलेल्या तारा ग्राहकाने पुस्तिकेबरहुकूम जोडायच्या. जोडणीची मजुरी वाचल्याने संचाची किंमत शंभर डॉलरच्या आत राहिली. पैसा खर्च झाला तो ट्रान्सफॉर्मरवर, आणि तो योग्य ठिकाणीच झाला.

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी यंत्रे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि वूफर आणायचे, सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यायची आणि ‘असेंबल्ड’ संच उभा करायचा, हाच मार्ग अनेक घरांनी धरला. व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, तरी स्वतः जोडून पैसे वाचवण्याची रीत तीच राहिली.

घरची ध्वनियंत्रणा सुधारताना खर्चाचा क्रमही लक्षात ठेवावा. सर्वाधिक फरक स्पीकर आणि त्याची पेटी यांनी पडतो, म्हणून मर्यादित पैशांतला मोठा वाटा आधी तिथे द्यावा. त्यानंतर पुरेशा शक्तीचा, कमी विरूपणाचा ॲम्प्लिफायर घ्यावा. दिखाऊ आवरणावरचा खर्च सर्वांत शेवटी करावा.