थेंब आणि हौद

'बूंद से गई वो हौद से नहीं आती' ही म्हण आपल्या मराठवाड्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. सांडलेला अत्तराचा थेंब बादशहाने बोटाने टिपला आणि ते कुणीतरी पाहिले. लाज झाकायला त्याने दुसऱ्या दिवशी अत्तराचा हौदच भरवला, पण गेलेली शान परत आली नाही. नोकरीच्या मुलाखतीत चुकीचे उत्तर देऊन आलेली मुलेही हेच म्हणतात : 'बोलून बसलो, आता मागाहून ई-मेल पाठवून काय उपयोग?'

इतिहास काय सांगतो, पाहू.

बीडचेच उदाहरण घ्या. २७ जून २०१३ रोजी मुंबईतल्या एका पुस्तक प्रकाशनात बीडचे तेव्हाचे खासदार गोपीनाथ मुंडे बोलून गेले, की २००९ च्या निवडणुकीत आपला आठ कोटी खर्च झाला. मर्यादा होती २५ लाखांची आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब त्या मर्यादेच्या आत होता. लगोलग निवडणूक आयोगाची नोटीस आली, लेखी खुलासा द्यावा लागला. कोणता आकडा खरा, हा आजचा विषय नाही. पण मागितल्यावर दिलेला खुलासा लोकांना बचावच वाटतो. लक्षात राहतात ते आठ कोटी.

याउलट लोकसभेची रीत पाहा. मंत्र्याने प्रश्नाला दिलेले उत्तर चुकले असेल, तर तो दुरुस्तीचे निवेदन सभागृहापुढे ठेवतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

न्यायालयातही तसेच. साक्ष वाचून दाखवल्यावर साक्षीदाराने 'हे बरोबर नाही' म्हटले, तर मूळ नोंद न बदलता त्याची हरकत शेजारी टिपून ठेवता येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७८ व्या कलमात ही सोय होती.

दोन्हीकडे आधीचा शब्द पुसला जात नाही. खरा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो.

बादशहाचा हौद रुबाबासाठी होता, म्हणून फुकट गेला. मुलाखतीत अडखळलात, झकास उत्तर घरी आल्यावर सुचले, तर ते सोडून द्या, तो हौदच. मात्र वर्ष, गुण, अनुभव चुकीचा सांगितला असेल, तर कुणी विचारायच्या आत, त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहा : 'सकाळी मी असे सांगितले, बरोबर माहिती अशी आहे.' नोकरी मिळो न मिळो, उद्या कागदपत्रे तपासताना तुमचा शब्द आणि तुमचे प्रमाणपत्र एकमेकांशी भांडणार नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)