जड द्रव्याचे चैतन्य : क्वे बंधूंचे बाहुलीपट आणि प्रभावाचा प्रश्न

साहित्यकृती आणि तिच्यावर आधारलेला चित्रपट यांच्या संबंधाचा विचार बहुधा कथानकाशी राखलेल्या निष्ठेच्या अंगाने केला जातो. स्टॉप-मोशन बाहुलीपटांच्या संदर्भात हा निकष अपुरा पडतो. या तंत्रात बाहुली किंचित हलवून एकेक चौकट स्वतंत्रपणे चित्रित केली जाते. पडद्यावरील एका सेकंदासाठी 24 चौकटी लागतात. जडाला चैतन्य देणारी ही प्रक्रिया मुळातच रूपकात्मक आहे. म्हणूनच येथे प्रभावाचा शोध कथानकापेक्षा द्रव्याच्या पातळीवर घ्यावा लागतो.

स्टीफन आणि टिमथी क्वे हे जुळे बंधू 1947 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जन्मले. फिलाडेल्फियात आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांचे कलाशिक्षण झाले. 1980 मध्ये कीथ ग्रिफिथ्स यांच्यासह त्यांनी कोनिंक स्टुडिओ स्थापन केला. त्यांची संवेदना मात्र घडली ती पोलिश भित्तिपत्रके, काफ्का, रॉबर्ट वाल्झर आणि ब्रूनो शुल्झ यांच्या सहवासात. 1984 मध्ये त्यांनी चेक चित्रपटकार यान श्वांकमायर यांना उद्देशून एक लघुपट केला आणि तेव्हापासून त्यांना श्वांकमायर यांचे शिष्य मानण्याचा प्रघात पडला.

हे समीकरण तपासून पाहण्याजोगे आहे. श्वांकमायर यांच्या ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’मध्ये (1982) भाज्या, अवजारे, पुस्तके यांची बनलेली मस्तके एकमेकांना गिळून भरडतात आणि अखेरीस एकसारखी होतात. 1970च्या दशकात काही वर्षे चित्रपटनिर्मितीची मनाई सोसलेल्या कलावंताच्या या प्रतिमांतील हिंसा उघड आहे. क्वे बंधूंच्या वस्तू भांडत नाहीत. त्या धुळीत, काचेआड, स्वतःतच गुंतलेल्या असतात.

‘स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स’ (1986) या त्यांच्या लघुपटात हे प्रकर्षाने जाणवते. शुल्झ यांच्या 1934 सालच्या कथासंग्रहातील पिता शिवणकाम करणाऱ्या मुलींपुढे द्रव्याविषयी प्रवचन मांडतो : मृत द्रव्य असे काही नसतेच आणि निर्मितीचा अधिकार एकट्या ईश्वराचा नाही. क्वे बंधू हे प्रवचन कोणाच्या तोंडी घालत नाहीत. वृद्ध रखवालदाराची थुंकी यंत्रात पडते, बाहुलीची दोरी कापली जाते, लाकडातले स्क्रू आपोआप उलगडून चालू लागतात, पोकळ डोक्यांच्या बाहुल्या शिंपीकामाला लागतात. शुल्झ यांचा सिद्धांत येथे चित्रपटाची कार्यपद्धती बनतो. लेशेक यांकोव्स्की यांचे संगीत संवादाची उणीव भासू देत नाही.

तथापि एक आक्षेप उरतोच. शुल्झ यांना 1942 साली द्रोहोबिचमध्ये गेस्टापोच्या अधिकाऱ्याने गोळी घालून ठार केले. ज्यांनी तो इतिहास भोगला नाही, अशा कलावंतांनी त्या नष्ट जगाची धूळ सौंदर्यवस्तू म्हणून वापरावी काय? उसनी स्मृती सहज अलंकार होऊ शकते, आणि क्वे बंधूंच्या काही कृतींत तसे घडलेही आहे. परंतु शुल्झ यांच्याच दुसऱ्या संग्रहावर आधारलेला त्यांचा दीर्घ चित्रपट 2024 मध्ये, जवळजवळ चार दशकांनी, व्हेनिसला प्रदर्शित झाला. लेखकाकडे असे दीर्घकाळ परतत राहणे अलंकरणाच्या हौसेने स्पष्ट होत नाही. प्रभाव म्हणजे येथे एका मृत लेखकाच्या वाक्याला हाताने, चौकटीचौकटीने दिलेला वेळ. अनुकरण आणि ऋण या रूढ संज्ञांत तो मावत नाही.