ब्लोअर बेंटली: इंजिनाला फुंकणी लावली तेव्हा

"साध्या इंजिनाला टर्बो लावला तर गाडी पळेल ना?" हा प्रश्न मला सतत येतो. आज त्याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षं जुन्या एका भांडणातून देतो.

आधी बेसिक. साधं इंजिन स्वतःच श्वास घेतं. पिस्टन खाली गेला की बाहेरची हवा आत येते, बस. जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल जाळायला हवं, आणि त्यासाठी जास्त हवा. चुलीत फुंकणीने फुंकर मारली की जाळ भडकतो ना, तसंच. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाची फुंकणी. फरक एवढाच की ही फुंकणी इंजिनच फिरवतं, म्हणजे थोडी ताकद तिच्यातच जाते.

आता चला इंग्लंडला, 1920 च्या दशकाच्या शेवटी. बेंटलीची साडेचार लिटरची गाडी, चार सिलिंडर, रेसिंगसाठी साधारण 130 हॉर्सपॉवर. टिम बर्किन नावाच्या ड्रायव्हरला हे कमी वाटत होतं. त्याचं म्हणणं, अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर लावू. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ही कल्पना अजिबात पटली नाही. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, असं त्यांचं साधं गणित. साडेसहा लिटरची 'स्पीड सिक्स' त्यातूनच आली. गंमत बघा, 1929 ची ल माँ शर्यत खुद्द बर्किनने वुल्फ बार्नाटोबरोबर याच स्पीड सिक्समध्ये जिंकली होती!

तरी बर्किन हटला नाही. डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंनी रेसिंगला पैसे दिले. कंपनीचा चेअरमन असलेल्या बार्नाटोने होकार दिला. ल माँच्या नियमासाठी 50 गाड्या बनवायचं ठरलं. बेंटलींनी सुपरचार्जर इंजिनाच्या आत सामावून घेऊ दिला नाही, म्हणून तो रेडिएटरच्या पुढे, बाहेर लटकला. आत क्रँकशाफ्ट आणि पिस्टन मजबूत करावे लागले, ऑइलिंग बदलावं लागलं. रेसिंग गाडीची ताकद गेली 240 हॉर्सपॉवरवर. जवळजवळ दुप्पट!

मग आली 1930 ची ल माँ. समोर रुडॉल्फ काराचोलाची सात लिटरची सुपरचार्ज्ड मर्सिडीज. बर्किनने दोन चाकं गवतात घालून तिला ओव्हरटेक केलं, टायरच्या चिंध्या होत असताना! मर्सिडीज रात्रीच बाद झाली. पण दोन्ही ब्लोअर बेंटलींनीही 24 तास पुरे व्हायच्या आत मान टाकली. पहिला आणि दुसरा नंबर कोणाचा? दोन्ही स्पीड सिक्सचे, सुपरचार्जर नसलेल्या.

त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रांप्रीत बर्किन ब्लोअर घेऊन दुसरा आला, तोही हलक्या बुगाटींच्या गर्दीत. म्हणजे गाडीत दम होता, टिकाव नव्हता. 1931 मध्ये मंदीत बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉईसने ती विकत घेतली.

कॉलेजमध्ये असताना मी पक्का बर्किनवाला होतो. आता रोज दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या कोडवर नवीन फीचर चढवतो, तेव्हा बेंटलींचं दुखणं कळतं. हवा वाढली की उष्णता वाढते, दाब वाढतो, नॉकिंगचा धोका वाढतो. पिस्टन, बेअरिंग, कूलिंग, ऑइल, सगळ्यांनाच त्याचं बिल भरावं लागतं. म्हणून किटची किंमत विचारण्याआधी एवढं विचारा: माझ्या इंजिनाचा कम्प्रेशन रेशो किती, आणि वाढीव दाब आतले पार्ट सोसतील का?

आणि तरीही... 1953 मध्ये इयान फ्लेमिंगने जेम्स बाँडला पहिली गाडी दिली, ती व्हिलियर्सच्या सुपरचार्जरची साडेचार लिटर बेंटली. शर्यत स्पीड सिक्सने जिंकली, पण पोस्टर आपण ब्लोअरचं लावतो. तुम्ही कोणाच्या बाजूचे? कळवा. भेटू पुढच्या भागात!