धुलाई यंत्र : देखभाल व दुरुस्तीचा इतिहास

कपडे प्रक्षालकाच्या पाण्यात घुसळणे, विसळणे व त्यांतील पाणी काढून टाकणे ही कामे करणाऱ्या घरगुती यंत्रास धुलाई यंत्र म्हणतात. पाणी, वीज, क्षार, कपड्यांचे तंतू आणि वेगाने फिरणारे भाग एकाच पेटीत एकत्र येत असल्याने अन्य घरगुती उपकरणांच्या मानाने या यंत्रात बिघाड होण्याच्या जागा अधिक असतात. धुलाई यंत्राचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो; परंतु तो बिघाडांचाही इतिहास आहे. प्रत्येक टप्प्यावरील रचना ही बव्हंशी आधीच्या रचनेतील एखाद्या दोषावर योजलेला उपाय होती. मात्र अशा प्रत्येक उपायाबरोबर दुरुस्तीचे काम घरातील माणसांच्या हातून अधिकाधिक दूर गेले.

हाताने चालणारी यंत्रे : कपडे धुण्याच्या यंत्राशी संबंधित असे पहिले इंग्रजी एकस्व (पेटंट) १६९१ मध्ये दिले गेले. जर्मनीत याकोप क्रिस्तिआन शेफर यांनी १७६७ च्या सुमारास लाकडी यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. १७८२ मध्ये हेन्री सिजियर यांनी इंग्लंडमध्ये फिरत्या पिंपाच्या यंत्राचे एकस्व मिळविले. अमेरिकेत नॅथॅनिएल ब्रिग्ज यांना १७९७ मध्ये असे एकस्व मिळाले. परंतु १८३६ मध्ये तेथील एकस्व कार्यालयास लागलेल्या आगीत त्याचे वर्णन नष्ट झाले.

या यंत्रांची देखभाल साधी होती. लाकडी पिंप वापराविना कोरडे पडले की फळ्या आकसून सांध्यांतून पाणी गळे. म्हणून पिंप ओलसर ठेवावे लागे. दांडा, खिळी किंवा पट्टी मोडल्यास गावातील सुतार वा लोहार ती बदलून देई. यंत्राचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत असल्याने बिघाड कोठे झाला हे ओळखण्यास विशेष ज्ञानाची गरज नसे.

कपडे पिळण्याचे काम मात्र कष्टाचेच राहिले. कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथील जॉन टर्नबुल यांनी १८४३ मध्ये पिळण्याचे रूळ जोडलेल्या यंत्राचे एकस्व घेतले. दोन रुळांमधून कपडा दाबून काढण्याची ही पद्धत पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली. ज्यांच्या हातांना कष्ट पडत, त्यांनाच यंत्रातील उणिवा आधी जाणवत. वॉशिंग्टन येथील एलेन एग्लिन या कृष्णवर्णीय महिलेने पिळण्याच्या साधनात सुधारणा केली. तिचे हक्क मात्र तिने १८८८ मध्ये केवळ १८ डॉलरला विकले. रुळांच्या रबरावर सतत दाब राहिल्यास ते एका बाजूस चपटे होत, म्हणून काम संपताच त्यांचा मळसूत्री दाब सैल करून ठेवणे हा देखभालीतील महत्त्वाचा नियम होता.

विजेचा वापर : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणारी यंत्रे विक्रीस आली. शिकागो येथील हर्ली मशीन कंपनीचे ‘थॉर’ हे यंत्र त्यांपैकी एक होय. याच कंपनीतील अल्वा फिशर यांना १९१० मध्ये एकस्व मिळाले व त्यांनाच विद्युत् धुलाई यंत्राचे जनक मानण्याची प्रथा पडली. परंतु त्यापूर्वीचीही एकस्वे उपलब्ध असल्याने ते ग्राह्य धरता येत नाही.

विजेबरोबर दोन नवे धोके आले. पहिला मोटरचा. आरंभीच्या कित्येक यंत्रांत मोटर पिंपाच्या खाली उघडीच बसविलेली असे. पिंपातून गळलेले पाणी तिच्यावर पडून ती जळे किंवा यंत्रास हात लावणाऱ्यास विजेचा धक्का बसे. मोटर बंदिस्त करणे, धातूचे पिंप वापरणे आणि यंत्राचे कवच भूसंपर्कित करणे हे त्यावरील उपाय होत.

दुसरा धोका रुळांचा होता. हाताने फिरणारे रूळ बोट सापडताच थांबत; विजेवरील रूळ थांबत नसत. बोटे, केस व लहान मुलांचे हात त्यांत ओढले जात. या इजांना वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले आणि १९३८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात अशा २६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. धक्का देताच रूळ अलग होतील अशी मोकळीक देणारी पट्टी बसविण्यात आली, तरी मूळ दोष कायम राहिला. रूळच काढून टाकणे हा खरा उपाय होता व तो केंद्रोत्सारी प्रेरणेने, म्हणजे कपडे वेगाने गरगर फिरवून पाणी बाहेर फेकण्याच्या युक्तीने, साध्य झाला.

स्वयंचलित यंत्रे : अमेरिकेत १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने धुणे, विसळणे व पाणी काढणे ही कामे एकाच पिंपात क्रमाने करणारे घरगुती यंत्र बाजारात आणले. रूळ गेले, पण कंपन आले. ५० सेंमी. व्यासाचे पिंप दर मिनिटास १,००० फेरे घेत असता त्याच्या कडेशी गुरुत्वाकर्षणाच्या सु. २८० पट प्रवेग निर्माण होतो. त्यामुळे एका बाजूस गोळा झालेला अर्धा किग्रॅ. ओला कपडा पिंपास सु. १४० किग्रॅ. वजनाइतक्या प्रेरणेने बाहेर ओढतो. बेंडिक्सच्या पिंपास लवचिक आधार नव्हता, म्हणून ते यंत्र जमिनीस बोल्टांनी जखडावे लागे. पुढील यंत्रांत पिंप स्प्रिंगांवर टांगून खाली धक्के शोषणारे दांडे बसविण्यात आले. वाहतुकीत या टांगलेल्या भागाला इजा होऊ नये म्हणून तो बोल्टांनी आवळलेला असतो. ते बोल्ट न काढताच यंत्र चालू केल्यास ते जागेवरून सरकू लागते. नव्या यंत्राविषयीच्या तक्रारींमागे हे एक नेहमीचे कारण असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील घरगुती धुलाई यंत्रांचे उत्पादन थांबले होते. त्या काळात असलेली यंत्रे दुरुस्त करून चालविण्यावाचून गत्यंतर नव्हते. युद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, वरून कपडे घालण्याची स्वयंचलित यंत्रे आली. त्यांत दंतचक्रांची पेटी, कालनियंत्रक, विद्युत् झडपा, पंप व पाण्याची पातळी ओळखणारा दाबखटका होता. यांतील एकही भाग बाहेरून दिसत नसे. त्यामुळे दुरुस्ती हा स्वतंत्र व्यवसाय बनला. आपली यंत्रे बिघडतच नाहीत हे ठसविण्यासाठी मेटॅग कंपनीने १९६७ पासून कामाविना एकटा बसलेला दुरुस्तीकार जाहिरातींत दाखविला; असा दुरुस्तीकार तोवर प्रत्येक ग्राहकाच्या परिचयाचा झाल्यावाचून ही जाहिरात परिणामकारक ठरली नसती.

जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ मध्ये पिंपाच्या बाजूस बसविलेल्या चकतीने पाणी घुसळणारे स्वस्त यंत्र आणले. त्याच देशात धुतलेल्या कपड्यांना चिकटणाऱ्या तंतूंवर उपाय म्हणून लहान जाळीची पिशवी वापरात आली. ती एका गृहिणीने शोधून काढली होती. १९९० मध्ये कपड्यांचे प्रमाण व मळ यांनुसार धुण्याचा कालावधी ठरविणारी ‘फझी’ नियंत्रणाची यंत्रे जपानमध्ये विक्रीस आली, तर १९९१ मध्ये न्यूझीलंडमधील फिशर अँड पेकेल कंपनीने पट्ट्याविना थेट पिंप फिरविणारी मोटर वापरली. आता यंत्र स्वतःच आपला बिघाड सांकेतिक अंकांनी दाखवू लागले. तथापि तो संकेत केवळ लक्षण सांगतो, कारण शोधावेच लागते.

बिघाडांचे निदान : कोणतीही तपासणी करण्यापूर्वी विजेची खुंटी काढून नळ बंद करणे आवश्यक असते. पाणी भरत नसल्यास प्रथम नळ व मागील नळीच्या तोंडाशी असलेली बारीक गाळणी पहावी. ती गाळाने बुजलेली असते. पाणी बाहेर पडत नसल्यास पंपाजवळील गाळणीत नाणे, बटण वा तंतूंचा गुंता अडकलेला सापडतो. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असे झाल्यास धारित्र, अर्थात कपॅसिटर, निकामी झाल्याचा संभव असतो. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युत् भार राहत असल्याने तो जाणकारानेच हाताळावा. मोटर फिरते पण पिंप फिरत नाही, याचा अर्थ बहुधा पट्टा सैल झाला वा तुटला असा होतो. पाण्याची पातळी चुकत असल्यास दाबखटक्याकडे जाणारी हवेची बारीक नळी मळाने बुजली आहे काय, हे पहावे. प्रक्षालक अधिक झाल्यास फेस वाढून पंप नीट पाणी ओढू शकत नाही. पाणी काढताना येणारा घरघर आवाज हे बेअरिंग झिजल्याचे लक्षण असते. प्रथम रबरी कडे झिजून पाणी आत शिरते, वंगण धुऊन जाते आणि मग पोलाद गंजते. हा बिघाड हळूहळू वाढतो. वेळीच कडे बदलल्यास तो टळू शकतो.

भारतातील स्थिती : भारतात या यंत्रांचा प्रसार मुख्यतः १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धापासून झाला. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) परिसरात कारखाने असलेली व्हिडिओकॉन आणि गोव्यात कारखाना असलेली आयएफबी या कंपन्यांचा त्यात वाटा होता. येथे देखभालीचे काही वेगळे प्रश्न उद्‌भवले. अनेक यंत्रांच्या झडपेस सु. ०·३ बार, म्हणजे सु. ३ मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, दाब लागतो. गच्चीवरील टाकीच्या लगत खाली असलेल्या वरच्या मजल्यावर तो मिळत नाही. विंधन विहिरीच्या दुष्फेन पाण्यामुळे तापकावर व पिंपावर क्षारांचा थर बसतो; सायट्रिक अम्ल घालून गरम पाण्याने रिकामे यंत्र चालविल्यास तो विरघळतो. विजेच्या दाबातील चढउतारांमुळे नियंत्रक मंडल जळते. उंदीर खालून शिरून तारा व नळ्या कुरतडतात, म्हणून तळाशी जाळी लावावी लागते. दोन पिंपांच्या अर्धस्वयंचलित यंत्रास नळाच्या दाबाची गरज नसते व त्याचे बहुतेक भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. निर्मात्याचा व्यवहार थांबला तरी यंत्रे घरोघरी राहतात आणि सुट्या भागांचा भार अशा स्थानिक दुकानांवरच येतो.

दुरुस्तीचा हक्क : अलीकडील बऱ्याच यंत्रांत पिंपाचे बाह्य कवच प्लॅस्टिकचे असून त्याचे दोन अर्ध सांधून टाकलेले असतात. त्यामुळे हाताच्या तळव्यावर मावणारे बेअरिंग बदलण्यासाठी संपूर्ण कवच बदलावे लागते व खर्च पाहता यंत्रच टाकून दिले जाते. या प्रवृत्तीस आळा घालण्यासाठी यूरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, यंत्राचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान १० वर्षे सुटे भाग पुरविणे निर्मात्यांवर बंधनकारक आहे. मागणीनंतर ते १५ कामकाजी दिवसांत पोहोचवावे लागतात. दार, बिजागऱ्या, रबरी कडी यांसारखे भाग ग्राहकालाही मिळू शकतात. मोटर, पंप, नियंत्रक मंडल इ. भाग व्यावसायिक दुरुस्तीकारांसाठी आहेत. भारतात केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माहितीसाठी संकेतस्थळ सुरू केले. घरगुती टिकाऊ वस्तूंचा त्यात समावेश आहे.

नियमांनाही मर्यादा आहेत. यूरोपीय नियमांत पिंप व त्याचे बेअरिंग स्वतंत्रपणे अथवा एकत्रित संच म्हणून पुरविण्याची मुभा आहे. एकत्रित संच घेणे भाग पडल्यास बेअरिंगच्या किंमतीत दुरुस्ती होत नाही. म्हणून यंत्र किती वर्षे चालेल हे केवळ भागांच्या उपलब्धतेवर अवलंबून नसून, ते उघडून पुन्हा जोडता येईल अशा रीतीने मुळात बनविले आहे किंवा नाही यावर अवलंबून असते.