थेंब मोजणारा पंप



विहार तलाव आमच्या जोगेश्वरीहून फार लांब नाही. १८६० मध्ये त्याचं पाणी नळाने मुंबईत आलं. शहराच्या पाण्यात नेमाने क्लोरीन घालायची रीत तेव्हा जगात कुठेच नव्हती. अमेरिकेत ती सुरू झाली १९०८ मध्ये, जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात. डॉक्टर जॉन लील यांनी ठरवलं आणि जॉर्ज फुलर या इंजिनिअरने यंत्रणा उभी केली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाने लील यांची बाजू मान्य केली!

ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवायची, टाकीतली पातळी कायम राखायची आणि ठरलेल्या भोकातून द्रावण सोडायचं, अशी ती सोय. औषध सापडलं होतं. ते मोजून, रात्रंदिवस सारखं टाकायचं कसं, हा खरा प्रश्न होता.

आपल्याकडे त्यावर फार सुंदर उत्तर निघालं, नागपूरच्या नीरी संस्थेत. एका मडक्यात दुसरं मडकं. आतल्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू, दोन्ही मडक्यांना एकेक भोक, आणि सगळं विहिरीत पाण्याखाली टांगायचं. लहान घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतं. वीज नको, मिस्त्री नको. मला हे यंत्र अजूनही सर्वांत आवडतं.

कारखान्यांत मात्र मीटरिंग पंप आला. त्याचं श्रेय रॉबर्ट शीन या अमेरिकन माणसाला देतात, काळ १९३० च्या दशकातला. आमच्याकडे सगळे त्याला डोसिंग पंप म्हणतात. आमच्या इमारतीच्या पंपरूममध्ये त्याचाच छोटा भाऊ बोअरच्या पाण्यात हायपो सोडतो. आत एक पडदा पुढे-मागे होतो. मागे गेला की खालच्या व्हॉल्व्हमधली गोळी उचलली जाते आणि द्रावण आत येतं; पुढे आला की ती गोळी बसते, वरची उचलते आणि द्रावण बाहेर जातं. सगळं मोजमाप त्या दोन गोळ्या नीट बसण्यावर.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तीन-चार घरांतल्या मुलांची पोटं बिघडली. देखभाल करणारा मुलगा म्हणाला, "बाई, पंप चालू आहे ना, मग औषध जातंच की!" टिक्-टिक् खरंच चालू होती. पण क्लोरोस्कोपची नळी काही पिवळी होईना. खालचा व्हॉल्व्ह उघडला तर गोळीखाली पांढरा क्षार. हायपो पातळ करायला बोअरचं जड पाणी वापरत होते, दुसरं काय होणार? आत आलेलं द्रावण पुन्हा डब्यात परत जात होतं.

हिशोब साधा आहे. दहा हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम म्हणजे २० ग्रॅम क्लोरीन. हायपो दहा टक्क्यांचा असेल तर २०० मिली. त्यातलं निम्मं परत गेलं तर पाण्याला मिळतं १०० मिली, आणि नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. त्यात हायपो उन्हात ठेवला की त्याचा जोर आपोआप उतरतो, ते वेगळंच.

सफाईचं काम अर्ध्या तासाचं. वीज बंद, नळीतला दाब सोडायचा, हातमोजे-चष्मा घालायचा आणि आधी साध्या पाण्याने पंप भरपूर धुवायचा. हे धुणं टाळू नका हो! क्षार काढायला व्हिनेगर किंवा सौम्य आम्ल लागतं, आणि ते हायपोत मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मग गोळी, तिची बैठक, रबरी रिंगा काढायच्या. चरा पडला असेल तर नवं बसवायचं. व्हॉल्व्ह परत लावताना दिशा पाहायची, उलटा बसला तर थेंबही जायचा नाही. शेवटी मोजनळीत द्रावण घेऊन मिनिटाला किती मिली जातं ते पाहायचं.

आता पंपरूममध्ये दोनशे पानी वही टांगली आहे. तारीख, मिली, नळाचं क्लोरीन, सही. दर सोमवारी मी जाऊन बघते. त्या मुलाचं अक्षर मात्र अजून सुधारत नाही.