पीसी नुसता बसलाय, तरी वीज खातोय? एक्स्पान्शन कार्ड तपासा

घरच्यांचे ११ वर्षांचे फोटो ठेवायला मी एक जुना डेस्कटॉप २४ तास चालू ठेवतो. सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री वायफायवरून त्यात जातात. जागा कमी पडायला लागली म्हणून आणखी हार्ड डिस्क जोडण्यासाठी एक साटा कार्ड बसवलं. पीसी रिकामा असताना वॅटमीटरवर १९ वॅट दिसायचे, ते थेट ३४ झाले. तेही कार्डला एकही डिस्क जोडलेली नसताना!

१५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण २४ तास, ३६५ दिवस म्हणजे १३१ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,३०० रुपये, काहीही काम न करता.

नेमकं होतं काय?

कार्ड स्वतः १५ वॅट खात असतं तर चांगलंच तापलं असतं. माझं जेमतेम कोमट होतं. मग वीज जात होती कुठे? प्रोसेसरमध्ये.

फोनचं उदाहरण घ्या. स्क्रीन बंद झाली की फोनचा प्रोसेसर झोपतो. एखादं अ‍ॅप त्याला सारखं उठवत असेल तर फोन खिशात असूनही बॅटरी उतरते. इथेही तेच. प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्यांना सी-स्टेट म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ. पण अख्खी चिप गाढ झोपायची तर कार्डची पीसीआय एक्स्प्रेस लिंकसुद्धा एल१ नावाच्या विश्रांतीच्या अवस्थेत जावी लागते. हे काम एएसपीएम, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह स्टेट पॉवर मॅनेजमेंट, करतं. ते बंद असेल तर एका कार्डपायी सगळा प्रोसेसर जागा राहतो.

कसं शोधायचं?

१. पीसी बंद करून प्लग काढा, मग कार्ड काढा. पुन्हा सुरू करून १० मिनिटं थांबा आणि वॅट मोजा. कार्ड लावून परत मोजा.

२. लिनक्सवर पॉवरटॉप चालवून आयडल स्टॅट्समधला पॅकेजचा रकाना बघा. माझ्याकडे कार्ड नसताना सी८ यायचं, कार्ड लावलं की सी२. विंडोजवर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजीची एनर्जी रिपोर्ट कमांड द्या. मिनिटभरात रिपोर्ट तयार होतो. एएसपीएम बंद असेल तर त्यात तसं लिहून येतं.

३. लिनक्सवर एलएसपीसीआय ही कमांड सविस्तर माहितीच्या पर्यायासह चालवा. कार्डला काय जमतं आणि प्रत्यक्षात काय चालू आहे, या दोन्ही ओळी त्यात मिळतात.

उपाय, सोप्यापासून सुरुवात

बायोसमध्ये एएसपीएम चालू करा आणि पॅकेज सी-स्टेटवर मर्यादा नाही ना, ते बघा. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट 'मॅक्सिमम'वर ठेवा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून बघा. काही बोर्डवर थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटपेक्षा चिपसेटच्या स्लॉटमध्ये झोप गाढ लागते.

ग्राफिक्स कार्ड असेल तर आधी मॉनिटर तपासा. दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटवर असले की काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगात चालते. रेट कमी करून वॅट मोजले की लगेच कळतं.

इथे मी चुकलो

बायोसने फरक पडला नाही, म्हणून मी लिनक्सच्या बूट पर्यायात एएसपीएम जबरदस्तीने चालू केलं. मीटर २१ वॅटवर आलं आणि मी खूश! कार्डवर डिस्कही जोडून टाकली. तिसऱ्या रात्री फोटो कॉपी होत असताना तीच डिस्क सिस्टममधून गायब झाली. कार्ड एल१ जमतं असं सांगत होतं, पण त्यातून नीट उठत नव्हतं. फोटोंची दुसरी प्रत होती म्हणून निभावलं.

त्यामुळे स्टोरेजच्या कार्डवर जबरदस्ती नको, आणि बॅकअपशिवाय तर अजिबात नको. मी शेवटी कार्डच बदललं. घेण्याआधी त्याच चिपवर लोकांना कोणतं सी-स्टेट मिळतंय ते शोधलं. आता मीटर २२ वॅट दाखवतं, आणि डिस्क जागच्या जागी आहे.