फोनच्या चार्जरमागचं करिअर: प्लास्टिक मोल्डिंगमध्ये शिरायचं तर कुठून?

जवळ चार्जर असेल तर उलटा करून बघा. दोन भाग जोडल्याची बारीक रेघ दिसेल. कव्हर उघडता आलं, तर आत छोटे गोल ठसेही दिसतील. साचा उघडल्यावर पीस बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांच्या त्या खुणा. डबे, बादल्या, गाडीचे पार्ट यांवर कधीकधी घड्याळासारखं एक चक्र असतं, मध्ये बाण. तो पीस कोणत्या महिन्यात बनला ते त्यावरून कळतं.

हे सगळं ज्या पद्धतीने बनतं तिचं नाव इंजेक्शन मोल्डिंग. प्लास्टिकचा दाणा हॉपरमधून गरम बॅरलमध्ये जातो, आतला स्क्रू तो वितळवत पुढे नेतो आणि दाबाने बंद साच्यात भरतो. पीस थंड झाला की साचा उघडतो. इतकंच. पण 'इतकंच' म्हणणं किती चुकीचं आहे ते मला चाकणला कळलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथल्या एका कंपनीत मशीनचा डेटा स्क्रीनवर दाखवणारा डॅशबोर्ड बसवायला गेलो होतो. गाड्यांच्या दिव्याची पारदर्शक काच (खरं तर पॉलिकार्बोनेट) तिथे बनायची. एका सकाळी तापमान, प्रेशर, सायकल टाइम सगळं हिरवं, आणि पीस मात्र रिजेक्ट. प्रत्येकावर चंदेरी रेघा. मी कोड तपासत बसलो. पन्नाशीचे सेटर आले, पीस उजेडात धरला आणि म्हणाले, "साहेब, दाणा ओला आहे." पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा ओढतं, म्हणून वापरण्याआधी साधारण 120 अंशांवर तीन-चार तास सुकवावं लागतं. शिफ्ट बदलताना कुणीतरी उघडी पिशवी थेट हॉपरमध्ये ओतली होती. माझ्या डॅशबोर्डमध्ये ओलाव्याचा सेन्सरच नव्हता!

म्हणून या क्षेत्रात नोकरी शोधताना 'कोणती कंपनी' याआधी 'कोणतं काम' हे विचारा. ऑपरेटर दार उघडतो, पीस काढतो, कड साफ करतो. यात बराचसा कंत्राटी भरणा असतो आणि रोबोट हात सगळ्यात आधी इथेच येतो. सेटर किंवा प्रोसेस इंजिनिअर तापमान, दाब, वेळ ठरवतो. चार पीसचा साचा 40 सेकंदांच्या सायकलवर तासाला 360 पीस देतो. सायकल 38 सेकंदांवर आणली तर वीस तासांत जवळपास पावणेचारशे पीस जास्त, तेही त्याच मशीनवर. हे करून दाखवणाऱ्या माणसाला कंपनी सहजासहजी सोडत नाही. तिसरं काम साच्याचं, म्हणजे टूलरूम आणि मोल्ड डिझाइन. साचा चुकला तर पुढचा कोणीच काही करू शकत नाही. सॉलिडवर्क्स, एनएक्स, मोल्डफ्लो ही सॉफ्टवेअर इथे लागतात, त्यामुळे कॉम्प्युटरची आवड असणाऱ्यांना माझा कल इकडेच सांगेन.

शिकायचं कुठे?

दहावीनंतर आयटीआयमध्ये प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर (एक वर्ष) किंवा टूल अँड डाय मेकर (दोन वर्षं) हे ट्रेड आहेत. दोन्ही मिळत असतील तर डाय मेकर घ्या, एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल. दुसरा रस्ता सिपेटचा. केंद्र सरकारची ही संस्था 1968 मध्ये चेन्नईत सुरू झाली, महाराष्ट्रात तिचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर प्लास्टिक टेक्नॉलॉजी किंवा मोल्ड टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. बीएस्सी झालेल्यांना प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे. कोणता कोर्स कोणत्या केंद्रावर आहे ते फॉर्म भरण्याआधी पाहा. बारावीनंतर थेट इंजिनिअरिंग करायचं असेल तर मुंबईच्या आयसीटीमध्ये पॉलिमरचं बीटेक आहे.

रबराचं गणित थोडं वेगळं. प्लास्टिकचा खराब पीस बऱ्याचदा दळून पुन्हा वापरता येतो. रबर एकदा गंधकासोबत तापवून पक्कं केलं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे मिश्रण बनवणाऱ्या केमिस्टला तिथे जास्त मान.

आता न आवडणारी बाजू. उन्हाळ्यात शॉपफ्लोअर तापलेला असतो, रात्रपाळी चुकत नाही, आणि बारा तासांच्या ड्युटीत ओव्हरटाइम गुपचूप साध्या दराने दिला जातो (कायद्याने दर दुप्पट आहे, पगाराची स्लिप मागा). इंटरव्ह्यूला गेलात की पाच मिनिटं मशीनजवळ उभं राहू द्या म्हणावं. सेफ्टी गेट उघडल्यावर मशीन थांबतं का ते बघा. उत्पादन वाढावं म्हणून त्याचा स्विच तारेने बांधून ठेवला असेल, तर पगार कितीही सांगितला तरी परत फिरा. साचा टनांच्या जोराने बंद होतो, आणि मध्ये हात आहे की प्लास्टिक हे त्याला कळत नाही.